वाळूजची शिफ्ट, घरच्या महालक्ष्म्या आणि गोव्याची हाफ आयर्नमॅन : एका घराचं प्रकरण

हे का लिहितोय

आमच्या संभाजीनगरच्या सायकल-रनिंग ग्रुपमध्ये दर वर्षी दोन-चार जण तरी असे येतात की ज्यांना हाफ आयर्नमॅन, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं एकत्र असलेली लांबची रेस, करायचीय, नोकरी फुल टाइम आहे, घरी लेकरं आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दादा प्लॅन कोणता फॉलो करू. प्लॅन नेटवर ढिगानं मिळतात हो. पण प्लॅनमधले तास कोणाच्या वाट्याचे काढून आणायचे हे त्यात कुठंच लिहिलेलं नसतं, आणि मी जेवढी माणसं बघितली त्यातली बहुतेक जण पाय दुखले म्हणून सोडून गेली नाहीत, घरातलं गणित बिघडलं म्हणून गेली.

म्हणून एकच प्रकरण नीट सांगतो. नवरा-बायको दोघांनीही हे वाचून हो म्हटलंय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्यांना मी भाऊ आणि वहिनीच म्हणतो, इथंही तेच ठेवतो. ट्रेनिंगचा प्लॅन बसवायला मी त्यांच्यासोबत होतो त्यामुळं बरंच जवळून बघितलंय.

पार्श्वभूमी

भाऊ ४१ वर्षांचे, वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला शिफ्ट इन्चार्ज. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, फर्स्ट, सेकंड, आणि महिन्यातून एक आठवडा नाईट. सुट्टी शुक्रवारी. राहायला गारखेड्यात, जायला-यायला कंपनीची बस. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, शाळा गंगापूर तालुक्यात, रोजचं अपडाऊन, चार-पाच बाया मिळून एक गाडी लावलीय. शिकवण्याशिवाय बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम वेगळं. मुलगी नववीत, मुलगा चौथीत. भाऊंची आई यांच्याकडं असते, शुगर आहे, गुडघे त्रास देतात. वडील मात्र पाचोडकडं गावीच, थोडी मोसंबी, बाकी सोयाबीन आणि कपाशी, कितीदा सांगितलं तरी वावर सोडून शहरात यायला तयार नाहीत.

भाऊ पळायला लागले ते लॉकडाऊन संपल्यावर, विद्यापीठाच्या कॅम्पसमधून गोगाबाबा टेकडीकडं. मग एक हाफ मॅरेथॉन झाली, मग सायकल घेतली, पतसंस्थेतून कर्ज काढून घेतली, आणि मग गोव्याची ७०.३, म्हणजेच हाफ आयर्नमॅन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ७०.३ म्हणजे एकूण मैल, किलोमीटरमध्ये १.९ पोहणं, ९० सायकल आणि २१.१ पळणं, सगळं एकाला एक लागून, साधारण साडेआठ तासांच्या आत, आणि पोहण्याला वेगळी मर्यादा, १ तास १० मिनिटं. त्यात बाहेर आला नाहीत तर सायकलला हात लावू देत नाहीत. गोव्यात ही रेस २०१९ पासून मिरामारच्या किनाऱ्यावरून होते, त्यामुळं परदेशी न जाता हा प्रकार करायची सोय झाली आणि महाराष्ट्रातनं लई माणसं तिकडं जायला लागली.

भाऊंना पोहता येत होतं, पण विहिरीतलं. लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून काकानं ढकलून दिलेलं, तसं. आमच्याकडच्या बहुतेकांचं पोहणं असंच असतं, डोकं पाण्याच्या वर, पाय खाली लोंबत, छाती पुढं. दहा-पंधरा मिनिटं मजेत पोहता येतं, पण १.९ किलोमीटर असं पोहायचं म्हटलं तर माणूस अर्ध्यातच संपतो, कारण डोकं वर उचललं की कंबर खाली जाते आणि आपण पाणी कापत नाही, ढकलत राहतो. तलावावरच्या कोचनं पहिल्याच दिवशी त्यांना कडेला धरून पालथं तरंगायला लावलं, तोंड पाण्यात, नाकातनं हळूहळू हवा सोडत, आणि चाळिशीच्या माणसाला पाण्यात तोंड बुडवून शांत राहायला शिकायला महिना गेला. रेस ऑक्टोबरच्या शेवटी होती. एन्ट्री एप्रिलमध्ये भरलेली, फी परत मिळणार नव्हती.

अडचण

वरवर बघितलं तर अडचण वेळ पुरत नाही एवढीच. पण आम्ही ऑगस्टमध्ये बसून एका कागदावर पूर्ण आठवडा मांडला तेव्हा वेगळंच दिसलं. प्लॅनवर लिहिलेलं होतं १२ तास, पोहणं ३, सायकल साडेपाच, पळणं साडेतीन. प्रत्यक्षात भाऊ ट्रेनिंगच्या नावाखाली घराबाहेर होते १९ तासांच्या वर. तासाभराच्या पोहण्याला सव्वादोन तास जात होते, बॅग भरणं, गाडी काढणं, पार्किंग, बॅच सुरू व्हायची वाट, अंघोळ, परत. रविवारची ग्रुपची लाँग राइड वेरूळकडं, दौलताबादच्या त्या दरवाज्यात गाड्या अडकल्या की तिथंच दहा-पंधरा मिनिटं, वर गेल्यावर खुलताबादला चहा, एखाद्याचं पंक्चर. हे सात तास कुठल्याच ॲपमध्ये येत नव्हते आणि घरी मात्र पूर्ण १९ लागत होते.

रविवारचं आणखी एक. भाऊंची सुट्टी शुक्रवारी, घराची रविवारी. म्हणजे रविवारी सगळं घर घरी असायचं तेव्हा हे पहाटं पाचला सायकलवर, साडेदहा-अकराला परत, जेवून झोप, आणि सेकंड शिफ्ट असली की एक वाजता बस. पोरानं बापाला आठवडाभर जागं बघितलंच नाही असे आठवडे गेले.

ऑगस्टमध्ये तीन गोष्टी लागोपाठ झाल्या. एक म्हणजे सकाळची विश्रांतीतली नाडी, जी आधी ५२-५३ असायची, ती साठच्या वर येऊन बसली आणि खाली जाईना, सर्दी दोनदा झाली, वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला. शरीर रिकव्हर होत नाहीये याची ही नेहमीची खूण आहे. झोप पाच तासांच्या आसपास होती आणि नाईटच्या आठवड्यात त्याहून कमी.

दुसरी गोष्ट कंपनीतली, आणि माझ्या मते खरी घंटा हीच होती. मेंटेनन्सला मशीनमध्ये हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं, टॅग लटकवायचा आणि चावी काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायची असते, लॉकआउट टॅगआउट म्हणतात. रविवारी लाँग राइड करून भाऊ सेकंड शिफ्टला गेले, एका प्रेसचं काम निघालं, त्यांनी कुलूप लागलंय असं धरून परमिटवर, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीवर, सही केली. कुलूप लागलेलं नव्हतं. हेल्पर जुना माणूस, हात घालायच्या आधी स्वतः जाऊन बघायची सवय असलेला, त्यानं येऊन सांगितलं, "साहेब, कुलूप नाहीये तिथं." बस, एवढंच झालं. काही घडलं नाही, पण त्या रात्री दहानंतर मला भाऊंचा फोन आला आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

तिसरी घरात. प्लॅनची प्रिंट फ्रिजवर लावलेली असायची. वहिनी चार महिने त्यावर काही बोललेल्या नव्हत्या. सप्टेंबरचं पान लावलं त्या दिवशी त्यांनी एका तारखेवर बोट ठेवलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, आणि प्लॅनमध्ये लिहिलेलं, ९० किलोमीटर सायकल अधिक १० किलोमीटर पळणं. आपल्याकडं मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणजे काय हे सांगायला नको, तीन दिवस घर उलटंपालटं असतं, पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, फुलोरा, वरून येणारी-जाणारी माणसं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, सोळा भाज्या मी एकटीनं निवडायच्या का?"

आणि मग चार महिन्यांचं साठलेलं निघालं. "तुम्ही चारला उठता ते सगळ्यांना दिसतं, कॉलनीत कौतुक होतं. तुम्ही गेल्यावर आईंचं इंजेक्शन, दोन डबे, पाणी भरणं, पोराचा युनिफॉर्म, आणि सव्वासातला माझी गाडी, हे कोणाला दिसतं?" गारखेड्यात नळाला पाणी रोज येत नाही, येईल त्या दिवशी येईल त्या वेळेला उठून भरावं लागतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, आहे तसंच रेटायचं, दोन महिनेच राहिलेत. ग्रुपमधले निम्मे जण हेच म्हणत होते, आता सोडू नको, सगळ्यांच्या घरी हेच असतं. मला हे पटत नव्हतं, आणि ते लॉकचं प्रकरण झाल्यावर तर हा पर्याय चर्चेत ठेवायलाच नको होता. थकलेला माणूस सायकलवरून पडला तर स्वतः पडतो, मेंटेनन्सच्या परमिटवर थकलेल्या माणसाची सही दुसऱ्याच्या हातावर जाते.

दुसरा, रेसच सोडायची. हा भाऊंनी स्वतः मांडला, रागानं. वहिनींनीच तो कापला. त्यांचं म्हणणं असं की फी गेली त्याचं एवढं काही नाही, पण हा माणूस वर्षभर घरात तोंड पाडून बसेल आणि कधी ना कधी ते माझ्यामुळं झालं असं होईल. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. रागाच्या भरात सोडलेल्या गोष्टीचं बिल घरातल्याच माणसाच्या नावानं फाटतं.

तिसरा, रिले. तीन जणांची टीम, एकानं पोहायचं, एकानं सायकल, एकानं पळायचं. पोहणं गेलं असतं तर आठवड्याचे जवळजवळ सात तास एका फटक्यात मोकळे झाले असते, कारण सगळ्यात महाग तास तेच होते. पण एन्ट्री एकट्याची भरलेली, ती बदलून मिळेल की नाही, नवीन टीमला जागा मिळेल का, आणि भाऊंचं मन त्यात नव्हतं. पोहायला शिकायला एवढा महिना घालवल्यावर समुद्र दुसऱ्यानं पोहायचा हे त्यांना जमेना. माझं मत आजही रिलेकडंच आहे, निदान पहिल्या वर्षी.

चौथा, रेस तीच, पण उद्दिष्ट बदलायचं. साडेसहा तासांचं स्वप्न काढून टाकायचं, मर्यादेच्या आत सुखरूप संपवायची एवढंच ठेवायचं, आणि १२ तासांचे आठ करायचे. यात धोका हा की पोहण्याची १ तास १० मिनिटांची रेषा काही आपल्यासाठी हलत नाही, तिथं कमी पडलं तर सगळंच गेलं.

ठरवलं कसं

पहिल्यांदा काहीच ठरवलं नाही, हे मुद्दाम सांगतो. एक पूर्ण आठवडा ट्रेनिंग बंद, फक्त झोप आणि संध्याकाळी आईंसोबत कॉलनीत चालणं. सोबत तपासण्या करून घेतल्या, ईसीजी, टीएमटी, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं हे एन्ट्री भरायच्या आधी करायचं असतं. हृदयाचं सगळं ठीक निघालं, ड जीवनसत्त्व कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कंपनीत भाऊंनी ती कुलपाची गोष्ट स्वतःहून निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, रजिस्टरला नोंदवली. कोणी पाहिलेलं नव्हतं, हेल्पर बोलणार नव्हता, तरी नोंदवली. त्यावर वरिष्ठांनी दोन शब्द ऐकवले, पण नाईटचा एक आठवडा दुसऱ्यासोबत बदलून घ्यायचं त्यांनी विचारलं तर तोही मिळाला.

मग शुक्रवारी दुपारी, वहिनींची शाळेला सुट्टी असलेला दिवस बघून, आम्ही तिघं बसलो. कालनिर्णय भिंतीवरनं काढून ओट्यावर ठेवलं. वहिनींचा आग्रह होता की ट्रेनिंग शेवटी लिहायचं. आधी शिफ्ट, मग महालक्ष्म्यांचे तीन दिवस पूर्ण बंद, मग पोराची घटक चाचणी, पोरीचा क्लास, आईंची शुगरची अपॉइंटमेंट, सोयाबीन काढणीचा अंदाज. पोरीचं गणित कच्चं आहे आणि भाऊ डिप्लोमावाले, तर फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी एक तास तिच्यासोबत बसायचं हे वहिनींनी पेननं लिहिलं, बाकी सगळं पेन्सिलनं. रविवारची सकाळ घरी, यावर त्या अजिबात हलल्या नाहीत.

एवढं लिहून झाल्यावर पानावर जी जागा राहिली ती ट्रेनिंगची. मोजली तर आठ-साडेआठ तास निघाले. मी इतके प्लॅन बसवलेत, सगळे रेसच्या तारखेपासून मागं मोजत यायचे असतात. हा पहिला प्लॅन मी घराच्या बाजूनं पुढं मोजत जाताना बघितला, आणि खरं सांगायचं तर आठ तास ऐकून मला पोहण्याची काळजी वाटली, पळण्या-सायकलची नाही.

काय काय केलं

सगळ्यात मोठा बदल लाँग राइडचा. ती रविवारवरनं शुक्रवारी आली, म्हणजे ग्रुप सुटला. एकट्यानं हायवेला जायचं हा खरा निर्णय होता, कारण ग्रुपमध्ये दहा सायकली असल्या की ट्रकवाल्याला लांबनं दिसतात, एकटा दिसत नाही. समृद्धीवर दुचाकीलाच बंदी, सायकलचा प्रश्नच नाही. म्हणून सोलापूर-धुळे हायवे, त्याला कडेला जागा आहे. झाल्टा फाटा, आडूळ, पाचोड आणि पुढं थोडं आत गाव, घरापासून पन्नासच्या जरा वर. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, दिवसासुद्धा मागचा लाल लाईट चालू, कानात काही घालायचं नाही, लाईव्ह लोकेशन वहिनींच्या फोनवर. राँग साईडनं येणाऱ्या मोटारसायकली हा तिथला सगळ्यात मोठा त्रास, त्यावर डोळे उघडे ठेवण्याशिवाय उपाय नाही.

पण याचा दुसरा फायदा असा झाला की गाव त्यात बसलं. आधी वडिलांकडं जायचं म्हणजे वेगळा दिवस काढावा लागायचा आणि तो निघायचाच नाही. पहिल्या शुक्रवारी भाऊ सायकलवर दारात उतरले तेव्हा म्हातारा म्हणाला, "एसटी बंद पडली का काय रं?" मग दर शुक्रवारी तिथं अंघोळ, भाकरी-पिठलं, फवारणीचं औषध बघणं, बँकेचं काम, मोसंबीला एक चक्कर, आणि दोन-अडीच तासांनी परत. ट्रेनिंगच्या हिशोबात मधे थांबून केलेले शंभर म्हणजे सलग नव्वद नव्हे, हे मान्य. त्यासाठी एखाद्या शुक्रवारी पाचोडच्या अलीकडनंच न थांबता फिरायचं आणि घरी आल्या आल्या बूट बदलून पंधरा-वीस मिनिटं पळायचं, त्याला ब्रिक म्हणतात, सायकलवरनं उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात त्याची सवय व्हावी म्हणून.

खाण्याचा सराव पण याच राइडला. एवढ्या लांबच्या रेसमध्ये तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला लागतात, काहींना त्याहून जास्त, आणि पोट ते आयत्या वेळी स्वीकारत नाही. एनर्जी जेल महाग पडतात म्हणून भाऊंनी राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखर यावर भागवलं, जेल फक्त रेसच्या दिवशी आणि त्याआधी दोनदा बघून.

आठवड्यातली सायकल घरातच. ग्रुपमधल्या एकाचा जुना ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायचा स्टँड, विकत घेतला, गॅलरीत रबरी मॅट टाकून ठेवला, पोरगी आत गणितं सोडवते आणि हे बाहेर पन्नास मिनिटं पायडल मारतात, अडलं की ती वही घेऊन दारात येते. घराबाहेरचा वेळ शून्य. रस्त्यावर दीड तासात होतं त्याच्या तोडीचं काम इथं कमी वेळात निघतं कारण सिग्नल नाही, उतार नाही, पाय थांबतच नाहीत.

पळणं बसच्या वाटेत बसवलं. फर्स्ट शिफ्ट सुटली की बसमधनं नगर नाक्याला उतरायचं, छावणीतनं घरापर्यंत सहा-सात किलोमीटर पळत यायचं, बॅग सोबतच्या एकाकडं देऊन. धूर आणि ट्रॅफिक लागतं आणि दुपारचं ऊनही, पण हा वेळ कोणाकडनं मागून घ्यावा लागत नव्हता, बस तेवढाच वेळ घ्यायची.

राहिलं पोहणं. तीनचं दोनवर आणलं, सेकंडच्या आठवड्यात सकाळची बॅच, फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळची, नाईटच्या आठवड्यात बंद. पण दोनच दिवस म्हणून लांबी मोजत बसायचं नाही असं कोचनं ठरवून दिलं, अर्धा वेळ फक्त पोझिशन आणि श्वास. जायकवाडीच्या नाथसागरात पोहून सराव करू का असं भाऊंनी विचारलं होतं. कोच आणि मी दोघांनीही नाही म्हटलं, सोबत बोट आणि वाचवणारा माणूस नसताना धरणाच्या पाण्यात एकट्यानं उतरायचं नसतं, कितीही पोहता येत असलं तरी.

सप्टेंबरच्या शेवटाला पावसानं गाठलं. सोयाबीन काढून वावरात पडलेलं, वरून आभाळ, आणि वडिलांचा फोन. त्या शुक्रवारी प्लॅनमधली सगळ्यात लांब सलग राइड होती. भाऊ सायकल न काढता पहाटंच्या एसटीनं गेले, दिवसभर ताडपत्र्या ओढल्या, मळणी यंत्रवाल्याच्या मागं लागून गंजी उरकून घेतली, रात्री परत. ती राइड नंतर झालीच नाही, टेपर, म्हणजे रेसच्या आधी ट्रेनिंग कमी करत आणायचं, ते सुरू झालं. म्हणजे रेसला जाताना सलग सगळ्यात जास्त सायकल चाललेली होती ७५ किलोमीटर.

निकाल

गोव्याला भाऊ दोन दिवस आधी एकटेच गेले. वहिनी आणि लेकरांना यायचं होतं पण सत्र परीक्षा आडवी आली, त्यांनी मोबाईलवर ट्रॅकरच्या नकाशात भाऊंचं टिंब सरकताना बघितलं. समुद्राचं पाणी खारट असल्यामुळं शरीर तलावापेक्षा वर तरंगतं, त्याचा फायदा झाला, आणि दिशा बघायला मधे मधे डोकं वर काढावं लागतं ते विहिरीतल्या सवयीमुळं त्यांना इतरांपेक्षा सोपं गेलं. ५९ मिनिटांत बाहेर आले. मी किनाऱ्यावर नव्हतो, फोनवर तो आकडा बघितला आणि उठून उभा राहिलो.

सायकलला पहिले सत्तर चांगले गेले, पुढचे वीस न झालेल्या राइडनं वसूल केले, वेग पार खाली आला, ३ तास ४० मिनिटं लागली. पळताना गोव्याची दमट हवा. आपलं ऊन कोरडं, घाम वाळून जातो. तिकडं वाळतच नाही, अंगावर राहतो. मांडीला गोळे आले, बराच भाग चालत काढला. एकूण ७ तास ४० मिनिटांच्या आसपास, मर्यादेच्या आत आरामात. पोरानं घरनं फोन करून पहिलं विचारलं, ते टिंब मधेच एका जागी का थांबलं होतं. मीठ चाटत होतो म्हणाले.

घरचा निकाल संमिश्र आहे आणि तो तसाच लिहितो. पोरीला गणितात आधीपेक्षा बरे मार्क आले. वडिलांचं शुक्रवारचं रेसनंतरही सुरू आहे. कंपनीत तसा प्रकार पुन्हा झाला नाही. सोयाबीनचा काही भाग भिजला तो भिजलाच, भाव पडून मिळाला. आणि वहिनींना त्या सगळ्या महिन्यांत स्वतःसाठी एक तासही मिळाला नव्हता. भाऊंचे बारा तास आठवर आले, त्यातले सुटलेले चार लेकरं, आई आणि गावाकडं गेले. ते बरोबरच होतं, पण वहिनींचं नाव कालनिर्णयावर काम म्हणूनच लिहिलेलं होतं, वेळ म्हणून नाही.

काय वेगळं करता आलं असतं

एन्ट्री भरायच्या आधीच हे कालनिर्णय ओट्यावर यायला पाहिजे होतं, एप्रिलमध्ये. रेस ऑक्टोबरच्या शेवटी असली की ट्रेनिंगचे सगळ्यात जड आठवडे सप्टेंबरात येणार, आणि सप्टेंबर म्हणजे महालक्ष्म्या, परतीचा पाऊस, सोयाबीन, हे मराठवाड्यात बहुतेक वर्षी तसंच असतं. शेतीशी संबंध असलेल्या घरानं मोठी रेस निवडताना फेब्रुवारी-मार्चकडची बघावी असं मला वाटतं, तेव्हा जड ट्रेनिंग थंडीत येतं, रस्ते कोरडे असतात. फक्त तेव्हा साखर कारखाने चालू असतात आणि उसाच्या ट्रॉल्या विनालाईट फिरतात, त्यामुळं अंधारात सायकल नको. आणि घरात दहावी-बारावी असेल तर तेही नको.

वहिनी चार महिने गप्प होत्या त्यावर दोघंही नंतर बोलले. भाऊंचं म्हणणं तिनं आधी सांगायला पाहिजे होतं. वहिनींचं म्हणणं, तुम्ही विचारायला पाहिजे होतं, फ्रिजवर कागद लावणं म्हणजे विचारणं नव्हे. मी वहिनींच्या बाजूनं आहे. ज्याला जास्तीचा वेळ पाहिजे, विचारायचं काम त्याचं, आणि एकदा विचारून भागत नाही, शिफ्ट बदलली, परीक्षा आली की परत विचारावं लागतं.

आठवड्याभराच्या झोपेचा निर्णय सुद्धा महिनाभर आधी घेता आला असता. नाडी जुलैच्या शेवटीच वर चढायला लागली होती, घड्याळात रोज दिसत होती. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यानं, विशेषतः जिथं मशीन आणि परमिट आहे तिथं, झोप सहा तासांच्या खाली गेली की त्या दिवशीचं ट्रेनिंग आपोआप रद्द असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. हा नियम भाऊंनी आता ठेवलाय.

रविवारी सकाळचा स्वयंपाक आणि पाणी आता भाऊ बघतात. वहिनी दोन मैत्रिणींसोबत सकाळी चालायला जातात, कधी जात नाहीत, झोपतात. पोरगी आता दहावीला गेली, फेब्रुवारीत बोर्ड, त्यामुळं यंदा रेस नाही, आठवड्याला चार-पाच तास आणि शुक्रवारचं गाव. ग्रुपमधले पूर्ण आयर्नमॅनचं विचारतात, ३.८, १८० आणि ४२.२ वालं. भाऊ म्हणतात वहिनींना विचारा. वहिनी म्हणतात, निकाल लागू द्या, मग बसू.